‘हॅपी गो लकी’ बाई : मानपत्रातील एका ओळीचा प्रश्न

पाटीपेन्सिल

सर्वांना नमस्कार. पाटण तालुक्यातील एका वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत मी उपशिक्षिका आहे. आमच्या मुख्याध्यापिका बाई या महिनाअखेरीस नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहेत आणि त्यांना द्यायच्या मानपत्राचा मजकूर लिहिण्याचे काम केंद्रातील शिक्षकांनी माझ्यावर सोपवले आहे. सेवेचा तपशील, पटसंख्या टिकवण्यासाठी वस्तीवस्तीवर केलेली पायपीट, शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी, हे सर्व लिहून झाले. माझे घोडे अडले ते स्वभावाच्या परिच्छेदावर. बाई सदैव आनंदी असतात, त्या वर्गात आल्या की रडणारे मूलही रडायचे विसरते, म्हणून मी सहज लिहून गेले, “आमच्या बाई म्हणजे एक हॅपी गो लकी व्यक्तिमत्त्व.”

हा मसुदा मी केंद्रातील एका ज्येष्ठ गुरुजींना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला, ती ओळ दोनदा वाचली आणि विचारले, “म्हणजे ३३ वर्षे बाईंचे सगळे आपोआपच चालले होते का?” मी हसले, पण घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. आनंदी माणसासाठी आपण बोलताना ‘जॉली’, ‘चिअरफुल’, ‘बबली’, ‘फुल ऑफ लाइफ’, ‘लाइफ ऑफ द पार्टी’ असे कितीतरी इंग्रजी शब्द वापरतो. यांतला कोणता शब्द मानपत्रात शोभेल, की यांतला एकही शोभणार नाही? छापखान्यात शुक्रवारपर्यंत मजकूर द्यायचा आहे.

जुना_मुद्रितशोधक

गुरुजींनी नेमके दुखणे ओळखले आहे. ‘हॅपी’ या शब्दाच्या मुळाशी आनंद नाही, नशीब आहे. जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलेल्या ‘हॅप’ या शब्दाचा अर्थ दैव किंवा योगायोग असा होता. घडणे या अर्थाचा ‘हॅपन’, कदाचित या अर्थाचा ‘परहॅप्स’ आणि अपघात या अर्थाचा ‘मिसहॅप’ ही सगळी त्याच घरची मुले आहेत. हॅपी म्हणजे आधी दैववान, आणि दैववान माणूस आनंदी असणारच म्हणून मग आनंदी. ‘लकी’चा अर्थ तर सांगायलाच नको. म्हणजे तुमच्या या शब्दप्रयोगात नशीब दोन वेळा आले आहे आणि कष्ट एकदाही आलेले नाहीत. सतराव्या शतकात तो ‘होईल तसे होवो, नेम धरायचा नाही’ अशा अर्थाने क्रियाविशेषण म्हणून वापरला जात असे. माणसाला तो पुढे चिकटला, आणि आजही त्यात उद्याची फिकीर नसणे हा अर्थ ठळक आहे.

याची परीक्षा घेण्यासाठी जाडजूड कोश उघडण्याचीही गरज नाही. त्या जागी मराठी शब्द ठेवून पाहावा. ‘हॅपी गो लकी’ला आपल्याकडे अगदी चपखल शब्द आहे, तो म्हणजे ‘खुशालचेंडू’. टोला बसेल तिकडे उसळत जायचे आणि कुठे पडलो याची खंत करायची नाही, असा तो चेंडू. आता वाक्य वाचा : “आमच्या मुख्याध्यापिका बाई म्हणजे एक खुशालचेंडू व्यक्तिमत्त्व.” हे मानपत्र घेऊन बाई घरी जातील का?

चकली

‘लाइफ ऑफ द पार्टी’ कृपया लिहू नये. आमच्या गावात ‘पार्टी’ या शब्दाचे दोनच अर्थ आहेत. एक निवडणुकीच्या आधीचा आणि दुसरा निकालाच्या रात्रीचा.

अर्धाकप

जुना_मुद्रितशोधक काकांविषयी पूर्ण आदर ठेवून मी दुसरी बाजू मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे, शब्दाच्या मुळाशी काय होते यावरून तो आज कसा वापरावा हे ठरत नाही. ‘मजा’ हा शब्द फारसीतून आला आणि तिथे त्याचा एक अर्थ चव असा आहे. म्हणून सहलीला मजा आली असे म्हणताना आपण कोणी जीभ चाटत नाही. दुसरी गोष्ट, आनंदी माणसासाठी जे शब्द आपण अस्सल मराठी म्हणून मिरवतो, त्यांतले कितीतरी बाहेरूनच आलेले आहेत. दिलखुलास, खुशाल, बेफिकीर हे सगळे फारसी-अरबीच्या वाटेने आले आणि आज त्यांना कोणी परके म्हणत नाही. मग इंग्रजीनेच कोणते घोडे मारले आहे?

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपले मराठी शब्द वापरून वापरून पार गुळगुळीत झाले आहेत. वर्तमानपत्रातील निधनवार्ता वाचा. “ते हसतमुख, मनमिळाऊ व परोपकारी स्वभावाचे होते. त्यांच्या पश्चात…” ही तीन विशेषणे गेलेल्या प्रत्येक माणसाला सरसकट वाटली जातात. आयुष्यभर कोणाशी धड न बोललेले गृहस्थ गेल्यावर दुसऱ्या दिवशी हसतमुख होतात. अशा वेळी एखाद्याला खरोखर हसतमुख म्हणायचे असेल, तर लिहिणाऱ्याचा हात इंग्रजीकडे जातो, कारण तिथला शब्द निदान श्रद्धांजलीच्या साच्यातून आलेला नसतो. पाटीपेन्सिल ताईंनी आळसाने इंग्रजी लिहिले असे मला वाटत नाही. त्यांना ताजा शब्द हवा होता.

जुना_मुद्रितशोधक

निधनवार्तेचा मुद्दा निर्विवाद मान्य. मी ३० वर्षे ती विशेषणे तपासली आहेत आणि ‘मनमिळाऊ’मधला ‘ळा’ दुरुस्त करण्यात माझी उमेद खर्ची पडली आहे.

फारसी शब्दांबद्दल मात्र एक फरक नोंदवतो. ‘खुश’ आणि ‘हाल’ यांतून आलेला ‘खुशाल’ मराठीत स्थिरावला, त्याची ‘खुशाली’ झाली, पत्रांतून ती विचारली गेली, त्याला चेंडू जोडला गेला आणि ‘खुशाल जा’ म्हणताना त्यातून रागही व्यक्त होऊ लागला. या शब्दांना आपण आपले प्रत्यय लावतो आणि ते मुकाट्याने लावून घेतात. ‘जॉली’चे काहीसे तसे झाले आहे, ‘फार जॉली माणूस’ हे आता मराठीच वाक्य आहे. ‘हॅपी गो लकी’ला मात्र एखादा प्रत्यय लावून दाखवावा. हॅपीगोलकीपणा? तो शब्द अजून पाहुणाच आहे, आणि मानपत्रासारख्या घरच्या कार्यात पाहुण्याला वाढायला लावू नये.

सोयरीक

मी एका ज्ञातिसंस्थेच्या वधू-वर सूचक केंद्रात रविवारी स्वयंसेवक म्हणून बसते, त्यामुळे या विषयावर माझ्याकडे पोतेभर अनुभव आहे. आमच्या परिचयपत्रात ‘स्वभाव’ असा एक रकाना असतो. पूर्वी तिथे शांत, समंजस, मनमिळाऊ असे लिहिलेले असे. आता दहांतील सहा-सात जणांच्या रकान्यात हॅपी गो लकी, जॉली, ईझी गोइंग, फन लव्हिंग यांपैकी काहीतरी असते. मुले हे शब्द ‘मी कटकट्या नाही’ एवढ्याच अर्थाने लिहितात. वाचणारे पालक मात्र त्यातून वेगळाच अर्थ काढतात.

एकदा सांगलीकडील एक आई मुलीसाठी स्थळे पाहायला आल्या होत्या. एका मुलाचे शिक्षण, नोकरी, घर, पत्रिका, सगळे त्यांना पसंत पडले. बोट खाली सरकत सरकत स्वभावाच्या रकान्यावर आले आणि तिथेच थांबले. त्यांनी मला विचारले, “याचा अर्थ काय हो?” मी सांगितले, आनंदी, फार चिंता न करणारा. त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, “माझा धाकटा भाऊ असाच होता. फार आनंदी. दोन एकर द्राक्षबाग गेली, तरी आनंदीच होता.” त्यांना मुलाविषयी काहीच माहीत नव्हते, पण त्या एका शब्दाने त्यांच्यासमोर त्यांचा भाऊ उभा केला. ते स्थळ तिथेच राहिले.

‘फन लव्हिंग’ची तर गंमतच आहे. मुलाने लिहिले तर मुलीकडचे विचारतात, “म्हणजे घेतो का?” मुलीने लिहिले तर मुलाकडचे विचारतात, “म्हणजे घरी किती वाजता येते?” तोच शब्द, पण वाचणाऱ्याची भीती प्रत्येक वेळी निराळी. हल्ली मी अर्ज भरून घेताना मुलांना सांगते की स्वभाव एका शब्दात लिहू नका, तुम्ही कशावर हसता ते लिहा. एकाने लिहिले, “स्वयंपाक बिघडला तर हसतो आणि खातो.” त्याला आठवड्यात चार फोन आले.

लेस्टरवासी

मी गेली २२ वर्षे इंग्लंडमध्ये राहते आणि इथल्या प्राथमिक शाळेत काम करते, म्हणून हे शब्द इथल्या कानांना कसे ऐकू येतात तेवढे सांगते.

‘बबली’ हा शब्द इथे जवळजवळ नेहमी स्त्रियांसाठीच वापरला जातो, त्यातही बहुधा तरुण स्त्रियांसाठी. त्यात कौतुक असते, पण त्या कौतुकाला वजन नसते. बुडबुड्यावरून तो शब्द आला आहे आणि शॅम्पेनला इथे सरळ ‘बबली’च म्हणतात. ५८ वर्षांच्या मुख्याध्यापिकेला हा शब्द लावला तर ऐकणारे गोंधळतील. ‘जॉली’ म्हटले की इथे पोट सुटलेला, लाल गालांचा नाताळबाबा डोळ्यांसमोर येतो, आणि एखाद्याच्या जाडीविषयी सभ्यपणे बोलायचे असेल तेव्हाही तो शब्द मदतीला येतो. ‘लाइफ ऑफ द पार्टी’ ऐकताना इथल्या माणसाच्या मनात एक छोटा प्रश्न उमटतो की पार्टी संपल्यावर यांचे काय होत असेल.

अर्धाकप यांनी निधनवार्तांचा विषय काढला आहे, तर इथलीही एक गोष्ट सांगते. १९८६ मध्ये ह्यू मॅसिंगबर्ड हे ‘डेली टेलिग्राफ’च्या मृत्युलेखांचे संपादक झाले आणि त्यांनी त्या रुक्ष रकान्याचे वाङ्मय करून टाकले. गेलेल्या माणसाला थेट नावे ठेवायची नाहीत, पण खोटेही लिहायचे नाही, यासाठी त्या लेखांत एक सांकेतिक भाषा तयार झाली. त्यात ‘कन्व्हिव्हिअल’ म्हणजे वरकरणी चारचौघांत रमणारा, आनंदी, पण नेहमीच्या वाचकाला कळायचे की गृहस्थ कायम प्यालेले असत. आपल्याकडेही अशी भाषा आहेच. ‘मैफलीचा माणूस’ आणि ‘दिलदार मित्र’ हे शब्द एकाच वाक्यात आले की घरचे लोक मान खाली घालतात. आनंदी माणसासाठीचे शब्द कोणत्याही भाषेत पूर्ण निरागस नसतात. आपल्या भाषेतील गर्भित अर्थ आपल्याला न शिकवता कळतो, परक्या भाषेतील कळत नाही, आणि फसगत होते ती तिथेच.

पाटीपेन्सिल

बापरे. ‘बबली’ माझ्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होता.

खाडीपलीकडे

रत्नागिरीहून लिहितो. या विषयाशी संबंधित असलेला एक इंग्रजी शब्दप्रयोग मला फार आवडतो, कारण तो कळायला इंग्रजी नाही, खाडी माहीत असावी लागते. अमेरिकेत अतिशय समाधानी माणसाला ‘हॅपी अ‍ॅज अ क्लॅम’ म्हणतात. क्लॅम म्हणजे आपली तिसरी किंवा मुळा, दोन शिंपांतला जीव. आता शिंपली आनंदी कशी, असा प्रश्न कोणालाही पडेल. मूळ प्रयोगाला एक शेपूट होते, ते लोकांनी पुढे गाळले : ‘अ‍ॅट हाय टाइड’, म्हणजे भरतीच्या वेळी.

भाट्याच्या खाडीत सुकती लागली की बायका गुडघाभर पाण्यात उतरतात, पायाच्या बोटांनी चिखल चाचपतात, बोटांना शिंप लागली की वाकून ती उचलतात आणि कमरेला बांधलेल्या पिशवीत टाकतात. पाणी चढू लागले की सगळ्या काठावर येतात. भरती म्हणजे तिसरीला सुट्टी, तोपर्यंत तिला कोणी हात लावू शकत नाही. तेव्हा हा आनंद स्वभावाचा नाही, सहा तासांचा आहे. हे ज्यांना माहीत नाही ते अमेरिकेतील नातेवाइकांचे ऐकून ‘आमची आजी म्हणजे हॅपी अ‍ॅज अ क्लॅम’ असे लिहितात, आणि आमच्याकडची आजी विचारते, “मेल्या, मला कालवणात घालतोस काय?”

आपल्याकडे तीच भरती ‘आनंदाला भरते आले’ आणि ‘आनंदाला उधाण आले’ अशी आली आहे. उधाणही अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येते आणि उतरते. म्हणून मराठीत कोणी ‘बाईंना सदैव उधाण असते’ असे म्हणत नाही. भाषेला समुद्र ठाऊक आहे.

सिडनीचा_सदू

खाडीपलीकडे यांचा मुद्दा पुढे नेतो. क्षणाचा आनंद आणि स्वभावाचा आनंद हा भेद इंग्रजीत काटेकोर पाळला जातो आणि आपण उसने घेताना नेमका तोच सांडतो. ‘क्लाउड नाइन’, ‘ओव्हर द मून’ किंवा आमच्याकडे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये फार ऐकू येणारे ‘हॅपी अ‍ॅज लॅरी’ हे प्रसंगाचे शब्द आहेत. मुलगी पास झाली, घर मिळाले, सामना जिंकला, तेव्हा ते वापरायचे. ‘चिअरफुल’ आणि ‘सनी’ हे स्वभावाचे शब्द आहेत. ‘बाई नेहमी क्लाउड नाइनवर असतात’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला वाटेल की बाईंचे पाय जमिनीवर नाहीत आणि शाळा उपशिक्षिकाच चालवत होत्या.

पंचांगप्रेमी

मुख्याध्यापिका बाईंसाठी इंग्रजीत एक योग्य शब्द आहे आणि तो आपल्या पंचांगाशीही जुळतो. ‘जोव्हिअल’ म्हणजे जोव्हचा, अर्थात गुरू ग्रहाचा प्रभाव असलेला माणूस, म्हणून आनंदी, उदार, मोकळा. याच्या उलट शनीवरून आलेला ‘सॅटर्नाइन’ म्हणजे उदास, काळवंडलेला. त्यांचा शनी आणि आपला शनी यांचे स्वभाव सारखे निघावेत यात फारसे नवल नाही, कारण आपल्या ज्योतिषातील ‘होरा’ हा शब्दच ग्रीकांकडून आला आहे. बाई तर पेशानेच गुरू. मात्र मानपत्रात ‘जोव्हिअल’ लिहिल्यास ते जाहीरपणे वाचून दाखवणारे गुरुजी त्याचा उच्चार काय करतील, याची हमी मी देऊ शकत नाही.

अर्धाकप

मी माघार घेत नाही, पण एक कबुली देतो. माझा स्वतःचा आवडता शब्द ‘पॉझिटिव्ह’ होता. ‘फार पॉझिटिव्ह माणूस आहे’ असे मी ऊठसूट म्हणायचो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत तो शब्द माझ्या तोंडातून असा गेला की अजून पुरता परत आलेला नाही. एका सहकाऱ्याविषयी कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मी “सर नेहमीप्रमाणे पॉझिटिव्ह” असे कौतुकाने लिहिले आणि दहा मिनिटांत त्यांच्या घरी तीन फोन गेले. त्यांच्या सौभाग्यवतींनी नंतर मला जे सुनावले, त्याला मात्र अस्सल मराठीच लागते.

जुना_मुद्रितशोधक

अर्धाकप यांनी मघाशी ताज्या शब्दाची मागणी केली होती, म्हणून पुन्हा लिहितो आहे. शब्द ताजा करायचा असेल तर दर वेळी नवा आणावा लागत नाही, जुना धुऊनही चालतो.

‘चिअरफुल’ घ्या. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या ‘चिअर’चा मूळ अर्थ चेहरा असा होता. तुमचा चेहरा कसा आहे, म्हणजे तुमचे कसे चालले आहे, असे एकमेकांना विचारत. चांगला चेहरा तो ‘गुड चिअर’ आणि पुढे नुसताच आनंद. मराठीत याला काय म्हणतात? हसतमुख. सुहास्यवदन. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता आनंद माणसाच्या तोंडावरच शोधला. तेव्हा ज्यांना ‘चिअरफुल’ लिहावेसे वाटते त्यांनी निःशंकपणे ‘हसतमुख’ लिहावे, एका अक्षराचाही अर्थ सांडणार नाही. तो शब्द निधनवार्तांनी मळवला आहे हे खरे, पण त्यात शब्दाचा दोष नाही.

दुसरा शब्द ‘प्रसन्न’. याच्या मुळाशी ‘सद्’ हा बसण्याचा धातू आहे. गाळ खाली बसून पाणी निवळते, तेव्हा संस्कृतात त्या पाण्याला प्रसन्न म्हणतात. आमच्या लहानपणी गढूळ पाण्याच्या माठात आई निवळीची बी उगाळून घालत असे आणि सकाळी माठाचा तळ दिसे. आपण ‘त्याचा चेहरा निवळला’ असे म्हणतो तेही याच कुळातले. प्रसन्न माणूस म्हणजे ज्याच्यात गाळ नाही असा माणूस नव्हे. गाळ आहे, पण त्याने तो खाली बसू दिला आहे. तुकोबांनीही मनाविषयी ‘करा रे प्रसन्न’ असे म्हटले आहे, ‘असा रे’ म्हटलेले नाही. ती करण्याची गोष्ट आहे. ‘हॅपी गो लकी’मध्ये जे नाही आणि तुमच्या बाईंमध्ये जे असावे असा माझा तर्क आहे, ते या क्रियापदात आहे.

मात्र एक सावधगिरी. ‘प्रसन्न व्यक्तिमत्त्व’ हा जोडशब्दही प्रत्येक सूत्रसंचालकाच्या खिशात असतोच. सोयरीक ताईंनी मुलांना दिलेला सल्ला इथेही लागू आहे. बाई कशावर हसतात, ते आम्हाला सांगा.

पाटीपेन्सिल

काल रात्री या प्रश्नावर विचार करत बसले. मला वाटले होते की बाई सगळ्यांवरच हसतात, पण नीट आठवल्यावर एक प्रसंग डोळ्यांसमोर आला.

आमच्या इमारतीचे छत गळते. इकडचा पाऊस तुम्हाला माहीत असेल, एकदा लागला की दिवसचे दिवस हटत नाही. मी नवीन असताना पहिल्या जुलैत वर्गात चार ठिकाणी धार लागली, मुलांची दप्तरे भिजली आणि मला रडू फुटायचेच बाकी होते. बाई शेजारच्या वर्गातून आल्या. त्यांनी पोषण आहाराच्या खोलीतून दोन बादल्या, एक पातेले आणि एक डबा आणवला, गळतीखाली ठेवला आणि मुलांना चार गटांत बसवले. प्रत्येक गटाने आपल्या भांड्यात एका मिनिटात किती थेंब पडतात ते मोजायचे आणि तासाचा हिशेब काढायचा. पातेल्याच्या गटाचा गुणाकार चुकला, तेव्हा बाई म्हणाल्या, “पाऊस बरोबर पडतोय, तुमचाच हातचा राहिला.” संपूर्ण वर्ग खो-खो हसला, मीसुद्धा. शाळा सुटल्यावर बाई कार्यालयात एकट्या बसून छताच्या दुरुस्तीसाठी सातवे पत्र लिहीत होत्या, तेव्हा मात्र त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. त्यांनी मला पाहिले, कागद उलटा ठेवला आणि चहा घेणार का म्हणून विचारले.

हे लिहिताना मला गुरुजींचा प्रश्न कळला.

लेस्टरवासी

पाटीपेन्सिल, तुमचा परिच्छेद लिहून झालेला आहे. फक्त तो इथे लिहिला आहे, मानपत्रात नाही.

सोयरीक

‘तुमचाच हातचा राहिला’ हे वाक्य जसेच्या तसे घ्या. त्यापुढे विशेषण लागत नाही.

जुना_मुद्रितशोधक

मी एखादे विशेषण राहू देईन. मानपत्र ऐकायला गाव बसलेले असते आणि गावाला एक तरी भारदस्त शब्द कानावर पडावा लागतो, नाहीतर मानपत्र दिल्यासारखे वाटत नाही. आधी प्रसंग सांगा, मग ‘हसतमुख’ म्हणा. प्रसंग आधी आला की शब्द आपोआप धुऊन निघतो. उलट क्रमाने लिहिले तर लोक तो शब्द ऐकून पुढचे ऐकणार नाहीत, नारळ कधी फुटतो तिकडे पाहतील.

अर्धाकप

मला हा मसुदा मान्य आहे. ‘हॅपी गो लकी’ मी माझ्या परिचयपत्रासाठी ठेवून घेतो.

सोयरीक

मुळीच ठेवू नका. रविवारी या, आपण दुरुस्त करू.

पाटीपेन्सिल

सर्वांचे मनापासून आभार. अंतिम मसुदा असा झाला आहे :

“पावसाळ्यात वर्गात गळती लागली, तेव्हा आपण बादल्या मांडून मुलांना थेंब मोजायला बसवले आणि चुकलेल्या गुणाकाराला ‘पाऊस बरोबर पडतोय, तुमचाच हातचा राहिला’ असे म्हणून अख्खा वर्ग हसवला. त्याच संध्याकाळी छताच्या दुरुस्तीचे सातवे पत्रही आपणच लिहिले. अशा हसतमुख बाईंच्या हाताखाली काम करायला मिळाले, हा आमचा बहुमान आहे.”

आज सकाळी तो गुरुजींकडे घेऊन गेले. त्यांनी पुन्हा चष्मा कपाळावर चढवला आणि सगळे शांतपणे वाचले. ‘हसतमुख’मधला ‘मु’ ऱ्हस्व असल्याची बोट ठेवून खात्री केली आणि सही केली. कागद परत देताना त्यांनी विचारले, “छताचे काय झाले पुढे?”

मी म्हणाले, गुरुजी, आठवे पत्र आता मी लिहिणार आहे.